ताप उतरवून आणू नये

आई, एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे आणि ती पूर्ण ऐकून घेईल असं जिवंत माणसांत कुणी उरलेलं नाही. थंडी पडल्यापासून आपल्या कॉलनीचा दिवस माझ्या गाडीच्या सेल्फवर सुरू होतो. मी चावी फिरवली की समोरच्या गच्चीवर दोघं-तिघं चहाचे कप घेऊन हजर. गाडी आधी खोकते, मग कण्हते, मग गप्प होते, आणि वरून सल्ला येतो. रोज सकाळी इतक्या जाणकारांसमोर नापास होणं काय असतं, ते मी आजवर लेखांतून ज्यांची ज्यांची टर उडवली त्यांनी येऊन बघावं. त्यांची सगळी वसुली होईल.

गाडी तीच, तू निवृत्त झाल्यावर हट्टानं घेतलेली. दुपारी चावीला बोट लागलं की चालू. रात्रभर उभी राहून गार झाली की मात्र घाम काढते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, बॅटरी. बदलली. त्यांच्या मेहुण्याचं मत पडलं, प्लग. तेही बदलले. मी स्वतः, इंजिनातलं काडीचं कळत नसताना, पेट्रोलमधे भेसळ आहे असं ठामपणे जाहीर केलं आणि त्यावर एक लेखही लिहून टाकला. लेख गाजला, गाडी सुरू झाली नाही. मुकुंदवाडी स्टेशनाजवळचा मिस्त्री, ज्याच्याकडं तूच पहिल्यांदा गाडी नेली होतीस, दरवेळी बघून म्हणायचा की गाडीत काही दोष नाही. शेवटी माझ्या फेऱ्यांना कंटाळून म्हणाला, इंजिन थकलंय, विका. तुझ्या सुनेनं लगेच गिऱ्हाईक शोधलं. ते रविवारी येणार ठरलं.

तुझ्या नवऱ्याला, म्हणजे नानांना सांगितलं तर नुसतं ‘बरं’ म्हणाले. साधारण त्याच सुमाराला त्यांनी सकाळी उठणं सोडलं. पहाटे उठून अख्ख्या घराला उठवणारा माणूस, आता दहापर्यंत भिंतीकडं तोंड करून पडलेला. दुपारी जेवायला बसले की ठणठणीत. मी बायकोला म्हटलं, गाडी विकायची म्हणून रुसलेत, येतील वळणावर. असले निकाल द्यायला मला वेळ लागत नाही, त्यावरच तर माझं पोट चालतं.

शुक्रवारी सकाळी सेल्फ मारता मारता तू आठवलीस. पिशोरच्या सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. शाळा सुटल्यावर मी तुझ्या टेबलाशेजारच्या बाकावर पाय हलवत बसलोय. एक बाई लेकराला घेऊन येते. लेकराला अंघोळ घातलेली, पावडर लावलेली, गालावर तीट, केसांना तेल. बाई म्हणते, सिस्टर, याला मलेरिया झालाय. तू त्याच्या कपाळाला उलटा हात लावतेस. ताप नाही. गोळी दिली का विचारतेस, आणि बाई मोठ्या कौतुकानं सांगते की निघतानाच दिली. तेव्हा तू म्हणालीस, “ताप दाखवायला आणायचा असतो गं बाई, घरी उतरवून नाय. आन् रोग कंचा ते आमी ठरवू. तू फक्त काय होतंय ते सांग.” घरीही हाच कायदा होता. त्रास सांगायच्या आधी जो रोगाचं नाव घेईल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. माझं डोकं दुखलं की मी थेट मेंदूज्वर सांगायचो, त्यामुळं चहा मला फार लवकर यायला लागला.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. मी रोज सेल्फ मारमारून गाडी चालू करायचो, ती मुकुंदवाडीपर्यंत छान तापायची, आणि मिस्त्रीपुढं पावडर लावलेल्या लेकरासारखी हसत उभी राहायची. त्यानं चावी फिरवली की एका झटक्यात चालू. आजारी गाडी त्या माणसानं कधी बघितलीच नव्हती.

त्याच संध्याकाळी गाडी त्याच्या शेडमधे ठेवून आलो. सकाळी मी येईपर्यंत हात लावू नको म्हटलं. तो माझ्याकडं जरा काळजीनंच बघत होता. शनिवारी रिक्षानं गेलो. बॅटरी, प्लग, भेसळ, एकही शब्द तोंडातून काढला नाही. गार असली की सुरू होत नाही, गरम असली की होते, एवढंच सांगितलं. त्यानं त्याचं तपासायचं यंत्र जोडलं, पडदा बघितला, इंजिनाला हात लावून बघितला, पुन्हा पडदा बघितला आणि हसायला लागला. “साहेब, इंजन बरफ है, और ये बोल रा मैं गरम हूं.”

इंजिन किती तापलंय ते कळवणारा एक बोटाएवढा सेन्सर असतो म्हणे. तो बिघडला होता. गार इंजिनाला सुरू व्हायला पेट्रोल जास्त लागतं, पण हा आतून कळवत राहायचा की आम्ही मजेत आहोत, आणि गाडी बिचारी भर दुपार असल्यासारखं घोटभरच पाजायची. नवा सेन्सर बसवला. पहिल्या चावीला चालू. मी तिथूनच फोन करून गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

घरी आलो तर नाना स्वयंपाकघरात नाश्त्याला बसले होते. मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली, सेन्सरचा आवाजसुद्धा काढून दाखवला. ते पोटभर हसले. मग म्हणाले, “तुझी आईबी अशीच जायची डॉक्टरकडं. गोळी घेऊन, इस्त्रीची साडी नेसून. तो म्हणायचा, सिस्टर, तुम्हाला काय धाड भरलीय.”

एवढ्या वर्षांत तुझ्या दुखण्याबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. ताटलीतले पोहे चिवडत ते पुढं म्हणाले, “सकाळी उठलं की मलाबी गरगरतं. दोनदा भिंत धरली म्हणून वाचलो. दुपारपर्यंत जातं.”

डॉक्टरांना का नाही सांगितलं, मी विचारलं.

“आपण जातो संध्याकाळचं. संध्याकाळी मला काय होत नाय.”

सोमवारी डॉक्टरांना विनवून सकाळची पहिली वेळ घेतली. नानांना दोन्हीकडून धरून गाडीत बसवलं. गाडी पहिल्या चावीला निघाली, गच्चीवरची मंडळी कप हातात घेऊन हिरमुसली. डॉक्टरांनी आधी झोपवून रक्तदाब मोजला, मग उभं करून. उभं राहिल्यावर तो धाडकन खाली. थंडीच्या सुरुवातीला वाढवलेली रक्तदाबाची रात्रीची गोळी त्यांना झेपत नव्हती. ती कमी केली. बस, एवढंच होतं.

आज पहाटे नानांनी अख्ख्या घराला उठवलं. पडदे ओढले, रेडिओ लावला, माझ्या लोळण्यावर भाषण केलं. आई, बोलणी खाऊन इतकं बरं वाटलेलं मला आठवत नाही.

आता हे पत्र धाडायचा तर प्रश्नच नाही, ओट्यावर भाजीच्या पिशवीखाली पडून राहील. तेवढ्यात एक कबूल करतो. सकाळी चावी फिरवायच्या आधी मी बोनेटला उलटा हात लावून बघतो. गच्चीवरून कुणी विचारलंच तर धूळ पुसतोय म्हणतो.

आणि बॅटरी, प्लग, भेसळ राहू दे, नानांना रुसवा झालाय म्हणालो होतो त्याचा चहा माझ्याकडं निघतो. आधण ठेवलं, आलं ठेचलं, कप त्यांच्या हातात दिला. आज तू कसा काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काय नाय, सहज.