पाच गायक आणि चाळीसचा कुडता

चि. प्रीतम यास श्रावणकाकाचा सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी तुझ्या अमरावतीच्या क्लासमध्ये मोठ्याने वाच. सरासरीखाली चिरडले गेलेले तिथेही बसले असतील. त्यांचं आणि आमचं दुखणं एकच आहे. तू आणि सूनबाई माधवी खुशाल असाल. इथे हिवरखेडात मी सोडून सगळे बरे आहेत. कुडत्यांचं पार्सल फोडल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत आपल्या भीमगीत मंडळाच्या पाचही गायकांनी सारखे पांढरे कुडते घालावेत, हा ठराव माझाच. (गेल्या वर्षी एकाने फुलाफुलांचा शर्ट घातला आणि लोक गाणं सोडून फुलंच बघत राहिले.) नत्थुजींनी तुला छातीची मापं कळवली: बत्तीस, चौतीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, पन्नास. पाच मापांचे पाच कुडते शिवून आणायचे, एवढंच काम! पण तू पडलास संख्याशास्त्राचा मास्तर. बेरीज केलीस, पाचाने भागलंस आणि चाळीसचे पाच कुडते पाठवलेस. वर फोनवर मलाच शिकवतोस, "काका, कोनावरच अन्याय नको म्हनून मधलं माप घेतलं."

मधलं? ओळीत उभं केलं तर मधला माणूस छत्तीसचा निघतो! तुझी सरासरी दोन जाड्यांनी ओढत नेली आणि जिथे नेऊन ठेवली तिथे आमच्यातला एकही जण राहत नाही. बत्तीसपासून पन्नासपर्यंत अठरा इंचांचा पसारा आहे, तो तुला दिसला नाही? उद्या अकोल्याच्या मे आणि डिसेंबरची सरासरी काढून तू मला वर्षभर एकच गोधडी पांघरायला लावशील. आपल्या चळवळीने माणूस न् माणूस वेगळा मोजायला शिकवलं. तू त्यांना पुन्हा एका ढिगात घातलंस.

परिणाम ऐक. बत्तीसचे नत्थुजी कुडत्यात वाळत घातल्यासारखे दिसतात. पन्नासच्या सुगतचं डोकं आत गेलं, हात वर अडकले, आणि पोरं ओरडली, "सुगतभाऊ, सरेंडर केलं का?" आम्ही दोघांनी ओढून त्याला बाहेर काढलं. तुझी काकू सुंदराबाई तर मलाच म्हणते, "कुडत्यात मानूस बसवता का मानसाले कुडता शिवता?" (ठराव माझा.) सुगत मात्र हसला नाही. घडी घालून त्याने कुडता खुर्चीवर ठेवला. "मी मिरवनुकीत येत नाही, काका. तुमी गा." अरे, कोपऱ्यावरच्या घरापर्यंत पोचणारा आवाज आमच्यात त्या एकट्याचा आहे. तो नाही, तर बाकीचे चौघे पांढऱ्या कुडत्यात नुसते ओठ हलवणार.

तुझा,
श्रावणकाका

ता. क. सैल कुडते शेजारची वर्षाली आत घेऊन देईल. घट्ट कुडत्यात ती कापड कुठून आणणार? तुझी चूक दोन्हीकडे सारखी नाही, हेही फळ्यावर लिही.

ता. क. २. माधवीला फोन केला होता. तुझी छाती चाळीस आहे म्हणे. म्हणजे एवढ्या गणितातून तू स्वतःचेच पाच कुडते शिवलेस.

ता. क. ३. हे सगळं नाही वाचलंस तरी चालेल. आजच्या आज अठ्ठेचाळीस आणि पन्नासचे दोन कुडते शिवायला टाक, आणि पन्नासचा पार्सलने पाठवू नकोस. स्वतः ये आणि सुगतच्या हातात दे.