धडधडीची गोळी आणि जोतिबाचा गुलाल

कोडोली, ता. पन्हाळा
सोमवार, १० मार्च २०२५

केरबास हंबीररावाचा रामराम.

तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद घेतला. शाळेत निबंध लिहायचा म्हटलं की मी म्हशी राखायचं निमित्त काढायचो, तवा अक्षराला हसू नकोस. तिकडं कागलात पोराकडं बरं असशील. एमआयडीसीच्या भोंग्यात झोप लागते का न्हाय, कळव.

इकडं बेस हाय. ऊस कारखान्याला गेला. थोरली म्हैस व्याली, रेडी झाली. सूनबाईनं, तेजस्वीनं, खरवस केलता. मी दोन वाट्या हाणला, ते बी डॉक्टरांच्या परवानगीनं. सकाळी पाणंदीनं चालत जाऊन डेअरीत दूध घालतो. डेअरीवाला गुंडू म्हणतो, "तात्या, परत पैलवान झालासा की!" बरं वाटतं ऐकून.

खाण्याचं निघाल्यावर तुला माझ्या नातवाच्या जावळाची पंगत आठवली असंल. मला तर रोज आठवते. तांबडा-पांढरा रस्सा, सगळी भावकी बसलेली, आन् माझ्या घशाखाली घास उतरंना. डोळं पिवळंजर्द. माझं लिव्हर खराब निघालंय, हे तुझ्या कानावर आलंच हुतं. भर पंगतीत उभा राहून तू इचारलंस, "हंब्या, खरं सांग, परत प्यायला लागलास व्हय?"

मी उत्तर दिलं न्हाय. कसं देणार? ज्यानं माझ्यासंगं जोतिबाच्या पायरीवर हातात गुलाल घेऊन शपथ घेतली, की आजपासनं दारूचा थेंब तोंडाला लावणार न्हाय, त्यानंच इचारावं? डोसकं फिरलं माझं. तांब्या आपटून उठलो. गप बसला म्हंजे पितोय, असं तू धरलंस आन् चपला घालून गेलास. तवापासनं आपलं बोलणं बंद.

तुला एकट्यालाच कशाला बोलू? सारा गाव तेच म्हणत हुता. आपल्याकडं माणसाचं लिव्हर बिघडलं की दुसरं कारण कुणाला सुचतंय? भावकीतला बाळासो तर माझ्या गोठ्यात कडब्यामागं बाटल्या हुडकत हुता. सापडली एक, म्हशीच्या जंताच्या औषधाची. आमच्या मंडळीला हसू आवरंना.

मग कोल्हापूरला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलतो. त्यांनी बी दारूचं इचारलं. मी गुलालाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. आता रोज खाता त्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा." काढल्या. त्यांनी बरोबर ती धडधडीची गोळी उचलली. एमिओडॅरोन. आपण इतकी वर्षं खाल्ली, पण नाव कवा वाचलं हुतं? म्हणाल्या, "ही हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवते, पण काही जणांच्या लिव्हरला बाधते. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं असतं. तपासलंत का?"

कुठलं तपासतोय! ठोके नीट पडायला लागल्यावर दवाखान्याचं तोंड कोण बघतंय? जुनी चिठ्ठी दाखवायची आन् दुकानातनं गोळ्या आणायच्या. बाईंनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ती गोळी बंद केली, दुसरी चालू केली. ही गोळी अंगात मुरती म्हणं, सोडली तरी लगेच निघून जात न्हाय. पण रिपोर्ट हळूहळू सुधारला. परवा बाई म्हणाल्या, "आजोबा, आता रस्सा खा, पण बेतानं."

तुला वाटंल, हंब्यानं आपली बाजू मांडायला एवढं लिवलं. तेवढ्यासाठी मी कागदाला हात लावला नसता. माझा ताठा तुला ठाऊक हाय.

काल बायडा वहिनींचा आमच्या घरी फोन आलता. तुला जेवण जात न्हाय, अंगभर खाज सुटलीया, लघवी हळदीसारखी हुतीया, आन् तू बायकोला म्हणतोस, "कुणाला सांगू नको." का, ते मला इचारायला नको. लोक काय बोलतात, ते माझ्या पंगतीत तू बघितलंस की.

केरबा, आठव जरा. आपली दोघांची धडधड एकाच वर्षी निघाली. एकाच एस्टीनं दवाखान्यात गेलतो, एकाच बाकड्यावर बसलो, आन् गोळी बी एकच मिळाली. तू ती अजून खातोस.

मला भ्या वाटतंय मर्दा. लई भ्या वाटतंय. मला सख्खा भाऊ न्हाय, तूच हाईस.

तवा आता नाटकं करायची न्हाईत. हे पत्र माझा पोरगा अमरसिंह तुझ्या हातात देईल. सगळ्या गोळ्या पिशवीत घाल आन् त्याच्यासंगं बाहेर ये, कोल्हापूरला बाईंकडं जायचंय. घाबरून आपल्या मनानं गोळी सोडू नकोस, ठोके भडकले तर भलतंच हुईल. काय ते डॉक्टर सांगतील. आन् कुणी काविळीचा पाला नाकात पिळतो म्हटलं तर त्याला दारातनंच हाकल. गाडीत मी बसलोय. मी दारात आलो असतो तर तू आतल्या खोलीत जाऊन बसला असतास, म्हणून आलो न्हाय. भांडायचं असंल तर रस्ता मोप हाय, गाडीत भांडू.

जोतिबाची चैत्राची जत्रा आलीया. औंदा सासनकाठी अमरसिंह उचलणार, मला बाईंनी वजन उचलू नका म्हणून सांगितलंय. काठी तोलायला मी एका बाजूची दोरी धरीन. दुसरी दोरी गावातल्या दोघा-तिघांनी मागितली. दिली न्हाय मी.

रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे. लिव्हर बिघडलेलं निघालं आन् सारा गाव तुला नावं ठेवाय लागला, तरी मी तुला इचारणार न्हाय.

जोतिबाच्या नावानं चांगभलं.

गाडीत वाट बघत बसलेला,
तुझा हंब्या