बडीशेपेची वाफ आणि नोरीन

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सत्तावीस! नळीत फुंकर मारली आणि श्वासातला सिगारेटचा विषारी वायू मोजणाऱ्या यंत्रावर लाल आकडा — सत्तावीस. मार्शा म्हणाली, "ग्लेनिस, सहाच्या खाली आलीस की तू न ओढणाऱ्यांत जमा." मार्शा म्हणजे दवाखान्यातली सिगारेट सोडवणारी बाई. मला वाटलं होतं, चांगली खरडपट्टी निघणार. उलट चहाबरोबर बिस्किट मिळालं. आमच्याच कारखान्याचं! मी पॅकिंगला असते, मला बिस्किटाचं काय कौतुक. तरी खाल्लं.

छत्तीस वर्षं ओढतेय. गेल्या महिन्यात बसमागे धावले आणि नंतर स्टॉपवरच्या बाकावर बसून राहिले. श्वास म्हणून मिळेना. पुढची बस आली, गेली. त्याच्या पुढचीही गेली. तेव्हा भ्याले.

मार्शा म्हणते, एकदम सुटत नसेल तर व्हेप घे, ती वाफेची सिगारेट, नीट दुकानात जाऊन विचारून घे. आणि रोज चार ओळी लिहीत जा. म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही!

नोरीनला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आजही सांगितलं नाही.

सुट्टी पंधरा मिनिटांची. पण कोट काढा, केसांची जाळी काढा, बूट बदला, परत येताना सगळं पुन्हा चढवा, कोपरापर्यंत हात धुवा — हातात उरतात नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत गेली बावीस वर्षं मी आणि नोरीन मागच्या पत्र्याच्या शेडखाली उभ्या. आत पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर कानात बोळे, बोलायची सोय नाही. ती राहते आमच्या रॉचडेल शहराच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. म्हणजे आमची जी काय मैत्री, ती सगळी त्या शेडखालीच झाली. तिच्या मुलीचा घटस्फोट तिथे. माझं गुडघ्याचं ऑपरेशन तिथे.

क्लिफ गेला तेव्हा मी चौथ्या दिवशी कामावर आले होते. घरात नवरा नाही, बसवेना. नोरीन आठवडाभर नुसती शेजारी उभी राहिली. एकदाच बोलली — "कोटावर राख पडतेय तुझ्या." बस्स. तेवढंच पुरलं मला.

सिगारेट सुटली तर मी तिथे कशाला जाणार? खरी धास्ती ही आहे. धुराचं काय, तो आज ना उद्या सुटेल.

शनिवार, १० फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वापरा-आणि-फेका व्हेप उचललं. गुलाबी! कलिंगडाचा स्वाद म्हणे. कलिंगड कसलं — साबण चाटल्यासारखं. चार झुरक्यांत खोकून खोकून डोळ्यांत पाणी. मग चव घालवायला खरी सिगारेट ओढली. मग आणखी एक.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सांगितलं. म्हणजे सांगावं लागलं — खिशातून ते गुलाबी खाली पडलं.

"अगं बये! हे काय? नातीच्या दप्तरातून ढापलंस की काय?" नोरीन इतकी हसली की पुदिन्याची गोळी घशात अडकली तिच्या. हल्ली सारखी गोळ्या चघळते, अंगानेही भरलीये जरा. मी म्हटलं, सोडायचा विचार आहे. हसणं थांबलं.

"म्हणजे सोडतेयस."

"बघते गं."

"बघ बाई. आम्ही आपले आहोत इथेच."

आम्ही! एकटी तर उभी होती. उरलेला वेळ नुसती हवापाण्याची बडबड करत राहिली, सिगारेट बोटांत आपली आपण जळून गेली. मला फार वाईट वाटलं. पळून चालल्यासारखं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

खऱ्या, फक्त व्हेपच्या दुकानात गेले. मालक शफकत, पन्नाशीचा, दाढी पांढरी, चष्मा कपाळावर. मी दारातच म्हटलं, "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम. ज्यांना कळतं तेच डोकं खातात. दिवसाला किती?"

"वीस."

"सकाळची पहिली?"

"डोळे उघडायच्या आधी."

"मी पण तसलाच. आई गॅलरीत हाकलायची, जानेवारीतसुद्धा."

काउंटरवर भल्यामोठ्या पेट्या होत्या, टॉर्चएवढ्या. मी एक उचलली तर त्याने हातातून काढून घेतली. "हे ढग सोडणाऱ्यांसाठी. तुम्हाला ढग नकोत. तुम्हाला सिगारेट हवी, फक्त सिगारेट नसलेली." मग एक बारकं, चपटं, काळं पुढे केलं. एकच बटण, तेही नसल्यातच जमा. आत रस भरायचा, संपला की पुन्हा भरायचा. झुरका सिगारेटसारखाच — आधी तोंडात, मग खाली. माझ्या हातात बसलं. खरंच बसलं!

मग रसातल्या निकोटीनवरून भांडण. तो म्हणे वीसच्या ताकदीचं घ्या. मी म्हटलं, सगळ्यात कमी काय? तीन. मग तीन!

"बाई, दिवसाला वीस ओढणाऱ्याला तीन म्हणजे उपाशी माणसाला नुसता वास दाखवणं."

"मी सोडायला आलेय की वाढवायला?"

त्याने दोन्ही हात वर केले. "तुमची फुप्फुसं, तुमची मर्जी. परत आलात तर हसणार नाही एवढं सांगतो."

स्वादांचा घोळ वेगळाच. तंबाखूचा घेऊन बघितला तर ओल्या कुत्र्याचा वास. आंबा नको, कलिंगडाचं तर नाव नको. शेवटी बडीशेप! लहानपणी शनिवारी त्या लाल गोळ्या मिळायच्या, जीभ लालभडक व्हायची — अगदी तीच चव. दुकानात एकटीच हसले.

रविवार, १८ फेब्रुवारी

मूर्ख आहे मी! पहिला झुरका — जळकं पायपुसणं! शफकतने बजावलं होतं: रस भरला की दहा मिनिटं हात लावायचा नाही, आतला कापूस भिजू द्यायचा. पण मी कारखान्यातली बाई. आमच्याकडे बटण दाबलं की पट्टा चालू, थांबायचं नाव नाही. भरलं आणि लावलं तोंडाला. कापूस करपला. आता काहीही करा, करपटच लागतंय.

बुधवार, २१ फेब्रुवारी

करपट तर करपट, पण दिवसभर बाळाच्या बाटलीसारखं तोंडात. तरी जीव भरत नाही. काल चार सिगारेटी. आज सहा. चिडचिड. पट्ट्यावर एका बाईला उगाचच फाडकन बोलले, मग माफी मागितली.

नोरीन म्हणाली, "सुटत नाही तर नाही सुटत गं. जगबुडी नाही." मायेने म्हणाली. आणि मला बरं वाटलं — याचाच राग आला.

शनिवार, २४ फेब्रुवारी

गेले नाक मुठीत धरून. शफकत हसला नाही. दाढीत हसला, ते वेगळं.

आता वीसची ताकद. नवा कापूस त्याने स्वतः बसवला, रस भरला, व्हेप काउंटरवर ठेवलं, वर हात ठेवला आणि म्हणाला, "आता चहा." खरंच चहा आणला आतून, वेलची घातलेला! बरोबर दहा मिनिटं त्याच्या बायकोच्या बहिणीच्या लग्नाची रडकथा ऐकली. मग, "हं, घ्या आता."

एक झुरका. दुसरा. खांदे खाली आले. आठवडाभर ते कानांपाशी होते हे मला तेव्हा कळलं. तिसरा घ्यावासाच वाटला नाही. खिशात ठेवलं आणि चालत घरी आले, बस न धरता.

घरातलं पाकीट पाण्याखाली धरून कचऱ्यात टाकलं.

रविवार, २५ फेब्रुवारी

एकही नाही.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

सात! सत्तावीसवरून सात! पाच दिवसांत! मार्शाने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, अजून सहाच्या खाली कुठे आलेय. ती म्हणाली, "गप गं, आनंद कर."

आणि वास! आज आल्याची बिस्किटं चालू होती. बावीस वर्षांत मला तो वास असा कधी आलाच नव्हता. पट्ट्यापाशी उभी राहून नुसतं हुंगत होते. नोरीनला सांगितलं. ती म्हणाली, "हो ना? आलं फार छान येतं वासाला." मग घाईघाईने मुलीचा विषय काढला.

मी शेडमध्ये वाफ काढते, ती धूर. कुठे काय बिघडलं? उगाच भीत होते.

सोमवार, ४ मार्च

बिघडलं. कीरनने नोटीस लावली. कीरन आमचा नवा मॅनेजर, कुठल्याशा शिबिराला जाऊन आलाय. उद्यापासून धूरवाले मागच्या शेडमध्ये, व्हेपवाले पुढे, सायकल स्टँडपाशी. सोडू पाहणाऱ्यांना धुरात उभं करायचं नाही म्हणे.

मी केबिनमध्ये गेले. "मला शेडमध्येच चालतं."

"ग्लेनिस, तुमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच केलंय हे!"

भीक नको पण कुत्रा आवर! पण त्याला कसं सांगू? चूक त्याचीही नाही.

मंगळवार, ५ मार्च

सायकल स्टँड. ट्रकवाले दोघे आणि फुटबॉल. नऊ मिनिटं फुटबॉल! मागून पुढे यायला वेळ लागतो तो वेगळाच, म्हणजे सात.

शुक्रवार, ८ मार्च

चार दिवस नोरीनशी बोलणं नाही. कपड्यांच्या खोलीत दिसली.

"बरी आहेस?"

"बरी. तू?"

"बरी."

दोन परक्या बायका लिफ्टमध्ये बोलतात तसं. माझी नजर तिच्यावर, तिची बुटांवर. वाटलं, रागावली असेल. सोडून गेले ना मी तिला.

काल मार्शाकडे यंत्रावर पाच आले होते. लिहायलासुद्धा विसरले.

सोमवार, ११ मार्च

आज सगळं लिहून ठेवते.

सकाळी पाकीट घेतलं. ठरवून घेतलं. सोळा दिवसांनी. ओढायची तलफ नव्हतीच, खिशात व्हेप होतं, भरलेलं. पण शेडमध्ये उभं राहायचं तर हातात सिगारेट हवी.

दहाच्या सुट्टीत गेले. नोरीन एकटी उभी. मला बघून चेहरा असा फुलला! मग मी पाकीट काढलं, एक ओठात धरली, आणि तिने फाडकन हात मारून ती उडवली. थेट डबक्यात.

"वेड लागलंय तुला? सोळा दिवस झालेत ना गं? सोळा!"

मोजत होती! मी म्हटलं, "मग तुला भेटू कुठे? ते सांग. क्लिफ गेल्यापासून कारखान्यात यायचं ते या नऊ मिनिटांसाठी. बिस्किटांसाठी येते का मी?"

हे असं कधी बोललो नव्हतो आम्ही. बावीस वर्षांत नाही. मी रडत होते, ती बघत होती, तिची सिगारेट पार बोटापर्यंत आली. चटका बसला तेव्हा टाकली तिने.

"गुरुवारी जातेस ना त्या बाईकडे? मी पण येते."

"खरंच? सोडणार तू?"

"येते म्हटलं ना."

घरी येईपर्यंत हलकी हलकी होते. मला कळतं, तिला कठीण जाणार आहे. पहिला आठवडा तर फारच. मी तिला शफकतकडे नेईन. वीसचंच घ्यायला लावीन, तीनचा हट्ट करू देणार नाही. आणि दहा मिनिटं थांबायला शिकवीन.

गुरुवार, १४ मार्च

मी फुंकले — तीन.

नोरीन फुंकली — दोन.

मार्शाने यंत्र पुसून पुन्हा फुंकायला लावलं. दोन. मी म्हटलं, बिघडलंय हे, रोज शेडमध्ये ओढताना बघायचे मी हिला. नोरीनने बाही वर केली. दंडाला निकोटीनची पट्टी, सिगारेट सोडणारे लावतात ती. शेवटची, सगळ्यात लहान.

"सोडलीय नोव्हेंबरपासून," ती म्हणाली. "नुसती पेटवते आणि धरते. तू एकटी उभी राहिली असतीस ना तिथे."

उद्या दहाला कँटीन, खिडकीजवळचं टेबल. आधी येईल तिने जागा धरायची.