अ‍ॅम्पची खडखड

२ ऑगस्ट १९८८, चंदीगड

परत खडखड! ऐन अंतऱ्यात. हरकीरत डोळे मिटून गातोय, मी खालचे सूर धरून चाललेय, सगळं कसं छान जमलेलं — आणि अ‍ॅम्पमधून खर्रर्र-टक-टक-खर्रर्र! कोणीतरी पत्र्यावर फुटाणे ओतावेत तसं. गाणं गेलं बोंबलत.

हा अ‍ॅम्प मी स्वतः जोडलाय. एकेक ट्रान्झिस्टर सेक्टर बावीसमधून पारखून आणला, खोकं मनीमाजऱ्याच्या सुताराकडून डोक्यावर उभं राहून करून घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या बाईचा अ‍ॅम्प खडखडतो म्हणजे काय! लाजच की.

हरकीरतला काही नाही. "चलता है यार, निशी." चलता है म्हणे! तुझी गिटार चालते. माझी बेस गिटार अशी नाही चालायची.

वर गेले तर आईचा पट्टा सुरू. "घरमालकाचा मुलगा आहे म्हणून काय रोज त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायचं? तुझ्या त्या घुमण्यापायी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत मला." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गणपतीपर्यंतच आहे ना. वाजवू दे."

४ ऑगस्ट

गिटारची वायर बदलली. खडखड आहेच. सगळे टाके पुन्हा तापवून डाग दिले. आहेच! दारजींचा, म्हणजे हरकीरतच्या वडिलांचा, फ्रिज बंद करायला लावला, ट्यूबलाइट बंद केली. दारजी काळोखात सोफ्यावर बसून विचारतात, "पुत्तर, पंखा तो चलने दूँ?" बिचारे.

मागची ती सततची घूं घूं मात्र गेली. अर्थिंगची वायर सुटलेली होती. म्हणजे दोन रोग होते, एक बरा झाला. दुसरा मेला लपूनछपून येतो नि जातो.

७ ऑगस्ट

सापडला!! पोलिसांची जीप!

आज खडखड सुरू झाली तशी मी बेस खाली ठेवला आणि तडक फाटकाशी गेले. रस्ता मोकळा. म्हटलं, हुकलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून गस्तीची जीप वळली. मागे उंच एरियल, पुढे बसलेल्याच्या तोंडाशी माइक. तो बोलतोय आणि गॅरेजमध्ये माझा अ‍ॅम्प खर्रर्र! तो गप्प, अ‍ॅम्प गप्प. त्यांचा वायरलेस माझी वायर पकडते. शब्द कळत नाहीत, तोंडात पान धरून कोणी बोलावं तसं नुसतं गुरगुरणं.

जीप दिसायच्या आधीच अ‍ॅम्पला कळतं. मागच्या गल्लीत असली तरी.

हरकीरतला सांगितलं. मला वाटलं, वा वा करेल. त्याने उठून फाटकाकडे बघितलं. मग म्हणाला, "इसे ठीक मत करना." का? "चौकीदार है अपना." आणि हसला. पण नेहमीसारखं नाही हसला.

११ ऑगस्ट

प्रॅक्टिस अर्धवट. अ‍ॅम्प खडखडला, याने गिटार ठेवली आणि मागच्या दाराने पसार! तासाभराने आला. कुठे होतास? "मासी के घर, मनीमाजरा." घाम निथळतोय अंगावरून. मावशीकडे असं जातात?

मी चिडले. हो, चिडले! गणपती महिन्यावर आले, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला पाच गाणी द्यायचीत, त्यातली दोन मराठी. त्याने शब्द गुरुमुखीत लिहून घेतलेत, 'ळ' म्हणताना जीभ अशी वळवतो की हसून हसून पुरेवाट होते. मन लावून करतो हो. पण असं पळापळी करून कसं व्हायचं?

१५ ऑगस्ट

सुट्टी. अतिरेक्यांच्या भीतीने रस्त्यांवर दर दहा पावलांवर शिपाई. कोणी घराबाहेर नाही.

१६ ऑगस्ट

आज हरकीरतने खरं सांगितलं. युनिव्हर्सिटीत त्याच्या वर्गातल्या कोणीतरी त्याची स्कूटर मागून नेली होती, वैशाखीच्या सुमारास. परत आणून दिली. आता तो मुलगा बेपत्ता आहे आणि पोलीस विचारतायत स्कूटर कुणाची. समोरच्या घरांच्या ओळीतल्या एकाला असंच नेलं, साधी चौकशी म्हणून. तो अजून आलेला नाही.

"पण तू काय केलंयस? जाऊन सांग ना सरळ."

माझ्याकडे असं बघितलं त्याने! लहान पोरीकडे बघतात तसं. "निशी, तेरा नाम आगाशे है. तू जाके सरळ सांग." सरळ सांग हे मराठीतून म्हणाला. मला हसूही आलं नाही.

मी आईला काही बोलले नाही. ती लगेच बाबांना बदलीचा अर्ज करायला लावेल.

२१ ऑगस्ट

कसली फजिती! कसली फजिती आज!

मंडळाने हॉलमध्ये रंगीत तालीम ठेवली होती. सगळी मंडळी आलेली — एअरफोर्सवाले, बँकवाले, बाबांच्या ऑफिसातले. मंडळाच्या चिटणीस सुमेधाकाकू पहिल्या रांगेत वही घेऊन. आणि हॉलच्या दाराशी बंदोबस्ताची जीप! वायरलेस अखंड चालू. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत माझा अ‍ॅम्प खर्रर्र टक टक. पोरं फिदीफिदी. एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून हलवून बघितलं.

हरकीरत मध्येमध्ये गायचाच थांबत होता. पांढराफटक. सारखा दाराकडे बघतोय.

सुमेधाकाकू म्हणाल्या, "निशिगंधा, हे असलं नाही हं चालणार. एक तर हे खोकं दुरुस्त करून आण, नाहीतर पेटीवर गाणी करू." पेटीवर! सगळ्यांसमोर! कानशिलं तापली माझी.

मी दुरुस्त करणार. त्या चौकीदाराला म्हणावं, आता राजीनामा दे.

२४ ऑगस्ट

झालं! झालं! झालं!

बेसच्या पोटातली वायरिंगची खाच चहाच्या पेटीतल्या चांदीच्या कागदाने मढवली आणि अर्थला जोडली. अ‍ॅम्पच्या आत पहिल्या ट्रान्झिस्टरच्या तोंडाशीच बारकासा कपॅसिटर टाकला, मसुराच्या डाळीएवढा. बास. वायरलेसचं जे काही आत शिरेल ते तिथल्या तिथे अर्थमध्ये. बेसचे सूर मात्र धक्का न लागता पुढे.

जीपची वाट बघत बसले. संध्याकाळी आली. फाटकापासून हातभर अंतरावरून गेली, माणूस माइकमध्ये बोलतोय — आणि माझा अ‍ॅम्प चिडीचूप! मी एकटीच नाचले गॅरेजमध्ये. असा स्वच्छ आवाज या शहरात कोणाच्या बेसला नसेल.

हरकीरतला सांगितलेलं नाही. कटकट करेल. उद्या एकदम वाजवूनच दाखवते.

२५ ऑगस्ट

नेलं त्याला.

२६ ऑगस्ट

काल लिहवेना. आज लिहिते.

दुसरं मराठी गाणं चाललं होतं. इतकं सुरेख लागलं होतं! 'ळ'सुद्धा बरोबर. कडवं संपलं तसा तो म्हणाला, "आज तो बड़ी शांती है. आई नहीं जीप?" मी हसत होते. थांब, गाणं संपलं की सांगते, असं मनात ठरवलेलं. मला गंमत करायची होती!

आणि गॅरेजच्या दारात चार माणसं. दोघे खाकीत, दोघे साध्या कपड्यांत. मागे फाटकाशी जीप उभी, इंजिन बंद. कधी आली, कधी थांबली, काही कळलं नाही. आम्ही मोठ्याने वाजवत होतो.

त्याने अ‍ॅम्पकडे बघितलं. माझ्याकडे नाही, अ‍ॅम्पकडे. कुत्रं भुंकलं कसं नाही म्हणून माणूस बघतो तसं. मग माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. माझ्या तोंडावरच असेल लिहिलेलं. गिटार नीट भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यांच्याबरोबर गेला. मागचं दार सहा पावलांवर होतं.

दारजी धावत आले. "कहाँ ले जा रहे हो जी? कौन सा थाना?" जीप वळून निघूनही गेली.

मी केलं हे. त्याने सांगितलं होतं, दुरुस्त करू नकोस. स्पष्ट सांगितलं होतं! आणि मला मेलीला सुमेधाकाकूंसमोर मान वर करायची होती.

२७ ऑगस्ट

दारजी ठाण्याठाण्यांतून फिरून आले. सगळीकडे एकच: "हमारे पास नहीं है." घर अंधारात. स्वयंपाकघरात कुणी गेलेलं नाही, हरकीरतची आई हयात नाही ना.

आई पोळ्या घेऊन खाली गेली. न सांगता. तासभर तिथेच होती.

२९ ऑगस्ट

वर भांडण. आईबाबांचं, दार लावून, पण ऐकू येतंच.

आई: "आपण बदलीवरची माणसं. उद्या तुमच्या नोकरीवर आलं म्हणजे?"

बाबा: "दारजी एकटेच जातात. त्यांना ठाण्याच्या फाटकाच्या आत घेत नाहीत."

"म्हणून तुम्ही जाणार?"

"हो."

बाबांनी ऑफिसच्या वार्षिक तपासणीला घालतात तो टाय बांधला, ओळखपत्र खिशाला लावलं आणि दारजींबरोबर निघाले. आयुष्यात कधी वाण्याशी हुज्जत न घातलेला माणूस! आईनेच मग मागून पळत जाऊन छत्री दिली. मला रडू फुटलं.

संध्याकाळी परत आले. आत घेतलं, खुर्ची दिली, चहाही दिला म्हणे. हरकीरतचं नाव काढल्यावर साहेब घड्याळ बघायला लागला. हो नाही की नाही नाही.

३० ऑगस्ट

दारजींना सांगून टाकलं. कपॅसिटरचं, चांदीचं, सगळं. समोर उभी राहून सांगितलं. वाटलं, हाकलतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते किती वेळ पगडीचं टोक सारखं करत राहिले. मग म्हणाले, "मतलब पहले... गाड़ी आती थी तो यह बोलता था?"

हो.

"तो फिर बुलवा दे, पुत्तर. जब उसे छोड़ने आएंगे, मुझे पहले पता चल जाए."

तिथेच खोकं उघडलं. घाईत डाग काढताना बोट भाजलं. कपॅसिटर काढला. चांदी ओरबाडून काढली. अ‍ॅम्प चालू केला, आवाज पूर्ण सोडला, बेस त्याला जोडून भिंतीशी उभा केला.

३ सप्टेंबर

अ‍ॅम्प दिवसभर चालू. दारजी त्या चहाच्या पेटीवर बसून असतात. मी जमिनीवर, सतरंजीवर.

आज दोनदा खडखडला. दोन्ही वेळा दारजी उठले, पगडी नीट केली, फाटकापर्यंत गेले. जीप न थांबता पुढे गेली. दोन्ही वेळा.

५ सप्टेंबर

वीज गेली दुपारभर. अ‍ॅम्प बंद. आम्ही दोघं वेड्यासारखे झालो. दारजी रस्त्यावरच उभे, उन्हात.

९ सप्टेंबर

सुमेधाकाकू घरी आल्या. मला वाटलं कार्यक्रमाचं विचारायला. मी म्हणाले, पेटीवर करा. त्या म्हणाल्या, "कार्यक्रम जाऊ दे गं चुलीत." मंडळातले एक कर्नल आहेत, त्यांच्याशी बोलल्या होत्या. बाबा आणि दारजी उद्या त्यांच्याकडे जाणार. जाताना काकू गॅरेजमध्ये डोकावल्या, चालू अ‍ॅम्पकडे बघितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतके दिवस किती शिव्या घातल्यात मी मनात यांना!

१२ सप्टेंबर

कर्नलसाहेब म्हणाले, आहे. जिवंत आहे. एवढंच कळलं. कुठे आहे ते नाही.

दारजी आज जेवले.

आई खाली चहा घेऊन आली ती बसलीच. तीही आता ऐकत असते. आज खडखड झाली तशी तीच आधी उठली.

१५ सप्टेंबर

मंडळात गणपती बसले. गेले नाही. अ‍ॅम्पपाशी कोणीतरी हवं.

१८ सप्टेंबर

दोनदा. थांबली नाही.

२० सप्टेंबर

आला!

पायी आला. मागच्या गल्लीने. त्याला कुठल्याशा नाक्यावर सोडून दिलं, तिथून चालत. अ‍ॅम्पला पत्ताही लागला नाही. दारजी पुढे फाटकाकडे तोंड करून बसलेले, आणि मागच्या दारात हा उभा. ओळखू येत नाही इतका वाळलाय.

मी म्हणाले, मी केलं ते. त्याने मान हलवली, हो की नाही कळलं नाही. दारजींनी त्याला चहाच्या पेटीवर बसवलं, आई पाणी आणायला धावली. आणि तेवढ्यात अ‍ॅम्प खडखडला.

तो खाली कोसळला. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी. जीप कधीच पुढे निघून गेली तरी उठेना. जमिनीवरूनच म्हणत राहिला, "बंद कर, निशी, बंद कर इसे."

कपॅसिटर परत लावतेय.