विळा घेतलेला शलमोन

कोल्हार, मार्च १९४४

प्रिय दीना,

सलाम मागून लिहीन. आधी हे सांग, माझ्या नवऱ्याला मारायचा अधिकार तुला कुणी दिला? फौजेची तार नाही, साहेबाचा कागद नाही, आणि तू नगरला मडमेच्या टेबलावरचे भविष्य सांगायचे पत्ते बघून माझ्या सासूबाईंना कळवतेस, की दाजींच्या नावानं मरणाचा पत्ता निघाला, वर चेहराही त्यांचाच! म्हातारीनं तीन दिवस अन्न शिवलं नाही. पाळकांनी येत्या रविवारी स्मरणाची प्रार्थना ठरवली. बाया माझ्या बांगड्यांकडं बघतात.

अगं, चेहरा त्याचाच असणार! दोन वर्षांमागं मडम इथं प्रवरेकाठी तंबू ठोकून हेच भविष्याचे पत्ते रंगवत होती, विसरलीस? त्या मरणाच्या पत्त्यावर तिला विळा घेतलेला माणूस पाहिजे होता, हा ज्वारी काढत होता, केला उभा. कशाचा पत्ता ते तिनं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. आमोसला तिनं राजा केला, तो अजून पाटलाच्या गोठ्यात शेण काढतो. तुझ्या हातात दोन घागरी देऊन तुला आभाळातली चांदणी केली, तू तिचीच भांडी घासतेस. तुमचं काही खरं झालं नाही, माझ्याच माणसाचं तेवढं खरं व्हय?

आणि चित्र तरी कसलं! नुसते रंगाचे ठिपके. जवळून नाक नाही, डोळे नाहीत. मी तोंडावर म्हटलं, कोंबडी नाचली काय यावर? मडम हसली. म्हणाली, फ्रान्स देशात असंच काढतात, आधी ऊन, मग माणूस. हात लांब करून, डोळे बारीक करून बघ म्हणाली. बघितलं. तर हा उभा, डावा खांदा पाडून, कंटाळलेला.

दीना, तो ब्रह्मदेशाकडं गेल्याला आठ महिने झाले, एक ओळ नाही. घरात त्याचा फोटो नाही. परवा भाकरी थापताना त्याचं तोंड आठवायला गेले, आठवेना. लई घाबरले. हे कुणाला बोलले नाही, तूही बोलू नकोस. तो पत्ता मला पाहिजे. मडमेला माग. नाही म्हणाली तर न मागता घे. शनिवारच्या मोटारीनं तो घेऊन ये आणि सासूबाईंसमोर उभी राहून सांग, की हा ज्वारी काढणारा शलमोन आहे, दुसरं काही नाही. येतेस की नाही, गुरुवारच्या आत कळव.

तुझीच, रागावलेली,
हन्नाआक्का