हर्षा येईपर्यंत डच

३ ऑक्टोबर
मुलगा हिमांशु येत्या डिसेंबरात नेदरलँडहून येऊन राहिला. सोबत सूनबाई आणि पाच वर्षांची हर्षा, आमची नात. पोरगी तिकडेच जन्मली, म्हणजे डचच बोलणार. आजपासून मोबाईलवर डच. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत व्याकरण शिकवलं. दोन महिने पुष्कळ झाले.

५ ऑक्टोबर
निर्णय : सुरुवात थेट जर-तरच्या वाक्यांपासून. 'हे घर, हे झाड' कोणीही शिकेल. हर्षाला तलावाच्या पाळेवर उभी करून सांगायचं, आपल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी हा तलाव बांधला नसता, तर इथे धान पिकलं नसतं. असं वाक्य आजोबाला शोभतं.

९ ऑक्टोबर, सकाळी ६
'जर'च्या भागात क्रियापद शेवटी. अगदी मराठी. डच लोक मूळचे आमच्या अर्जुनी मोरगावचेच असावेत.

सकाळी ७
नसावेत. 'तर'च्या भागात 'झाऊ' म्हणून एक शब्द एस.टी.त रुमाल टाकल्यासारखा आधीच जागा धरतो. खरं क्रियापद मागून येतं.

१९ ऑक्टोबर
दिवाळीचा व्हिडिओ कॉल. शांतीबाईनं फोन माझ्यापुढे केला. मी सरळ मागच्या खोलीत. वाक्य पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडणार नाही. तयारीविना मी वर्गात कधी गेलो नाही, हे बायकोला कळायला हवं.

१६ नोव्हेंबर
आजही कॉल टाळला. हिमांशु आईला म्हणाला म्हणे, बाबांनी त्रास घेऊ नये, आम्ही घरी आपलंच बोलतो. माझं मन राखून राहिला, दुसरं काय.
धानाची कापणी, म्हणून 'झाऊ' दहा दिवस बंद. शांतीबाई मात्र रोज तासभर पोरीशी फोनवर बडबडते. डचचा एक शब्द येत नाही बिचारीला.

१० डिसेंबर
वाक्य तयार. म्हशीला ऐकवलं. तिनं रवंथ थांबवलं नाही, म्हणजे उच्चार नैसर्गिक आहेत.

२१ डिसेंबर, दुपारी २
आले. हर्षा गाडीतून उतरली ती थेट आजीच्या कडेवर. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झालो, 'जर'चं 'आल्स' म्हणालो, 'झाऊ'पर्यंत पोचलो. तिथे अडकलो. पोरगी आजीच्या कानात बोलली, पण अंगणभर ऐकू गेलं.
"आजी, हा बुढा कोण आहे? काऊन असा बोलून राहिला?"
सगळे हसले. मीही हसलो.

सायंकाळी ५
पाळेवर एकटाच जाऊन आलो. वाईट वाटलं. फोनवर नुसतं 'जेवलीस का' एवढं विचारलं असतं, तर पोरीनं मला ओळखलं असतं.
हे जर-तर मात्र पहिल्याच झटक्यात बिनचूक आलं.