पाहिलेलं उरत नाही

४ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस. काम काय, तर अंधारात बसायचं आणि दिसलं की नाही ते सांगायचं. बारा वर्षं चष्म्याच्या दुकानात मी लोकांना 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारत आलो. आता तेच मला विचारणार आणि वर पगारही देणार! ही खो खो हसली. मिठाची बरणी समोर असताना 'मीठ कुठंय' म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्या माणसाला डोळ्यांची नोकरी लागली, म्हणाली. तिला सातवा महिना आहे, हसताना पोट धरावं लागतं. पण चाचणीला एकशे चाळीस जण आले होते आणि त्यांतून मला एकट्याला घेतलं, हे मी तिला तीनदा ऐकवलं.

प्रयोगशाळा तळघरात आहे. मधोमध एक लोखंडी टेबल, त्यावर नखाएवढे आरसे आणि भिंगं दाटीवाटीनं बसवलेली. कुणी धक्का मारला तर तीन महिन्यांची मेहनत पाण्यात, म्हणून सगळे अंग चोरून चालतात. प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी मला शाळकरी पोराला सांगावं तसं समजावलं. प्रकाश दाण्यादाण्यानं येतो, एका दाण्याहून कमी प्रकाश नसतो. लेझरचा किरण एका स्फटिकात सोडला की कधीतरी जुळे दाणे बाहेर पडतात. त्यातला एक यंत्राकडे जातो आणि यंत्र नोंद करतं. दुसरा काचेच्या तंतूमधून माझ्या डोळ्यात. एकटा दाणा माणसाला दिसतो का, हा त्यांचा प्रश्न.

७ फेब्रुवारी
आता सवय झाली. काळ्या खोलीत आधी चाळीस मिनिटं नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. डोकं हलू नये म्हणून माझ्या दातांचा साचा करून दिलाय, तो चावून धरायचा. टिक वाजली की बटण दाबायचं, उजवं म्हणजे दिसलं, डावं म्हणजे नाही. मॅडम पत्र्याच्या आडोशामागून बोलतात, काम संपल्यावरही समोर येत नाहीत. लाजाळू असाव्यात.

इथला एक नियम मात्र मला वेडेपणाचा वाटतो. बाहेर आल्यावर तासभर उजेडाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचं, डोळे बोथट होईपर्यंत. मध्ये कुणाकडे बघायचं नाही. समोर जिथं नजर पडते तिथं भिंतीला रंग आहे की नाही तेच कळत नाही. बघायला गेलं की नजर बाजूला घसरते.

१३ फेब्रुवारी
भिंतीशी किती वेळ गप्पा मारणार? चहा देणाऱ्या मावशी तिथंच कपबशा धुतात. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवून घेतली. मावशींना तीन जावई आणि तिघांबद्दल बोलायला तोंड एकच, त्यामुळे तास कसा जातो कळत नाही. अंगात कायम एक पोपटी स्वेटर, डोळ्यांत भरेल असा.

२० फेब्रुवारी
दहापैकी नऊ दाणे मी पकडले! मॅडमचा आवाज कापत होता. शिवाय एकही दाणा सोडलेला नसताना मी तीस वेळा 'दिसलं' म्हटलं होतं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या म्हणाल्या की त्या तीसही वेळा खोलीतला चुकार प्रकाश तेवढाच कमी झाल्याचं यंत्रानं दाखवलं. म्हणजे डोळा आता वाट बघत नाही, ओढून घेतो. जाता जाता हेही म्हणाल्या की डोळ्यानं घेतलेला दाणा संपतो, तो पुन्हा दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही. मला निम्मं कळलं, पण छाती मात्र पुरती फुगली.

२४ फेब्रुवारी
आजकाल भिंतीला दांडी मारून तडक घरी येतो. दुपारी ही पडदे ओढून झोपलेली असते. काळोखात मी उशाशी बसतो आणि तिच्याकडे बघतो. कानाच्या पाळीवरची लव दिसते. पोटातलं बाळ पाय मारतं, तेव्हा साडीचं सूतन् सूत हललेलं दिसतं. जगात कुठल्या नवऱ्यानं बायकोला इतकं पाहिलं नसेल. दोन-दोन तास बघत बसतो, डोळे निवतात.

५ मार्च
मावशींचा स्वेटर राखाडी दिसायला लागलाय. विचारलं तर म्हणाल्या, धुवून धुवून गेला असेल. सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, त्यात मावशींच्या जागी नुसती धूळ बसल्यासारखी दिसते. फोटो काढणारा म्हणाला, त्या हलल्या असतील.

११ मार्च
चहा आला. मावशी आल्या नाहीत. कप टेबलाच्या कडेशी डुगडुगला आणि कुणीतरी तो मागे सारला. खोलीत मी एकटाच होतो. मग मावशींचा आवाज आला, अगदी माझ्या कानाशी. विचारत होत्या, दिवे कुणी घालवले.

सगळे दिवे लागलेले होते.

१२ मार्च
सकाळी मॅडमना सांगितलं. वाटलं, धावत येतील. त्यांनी आडोशामागून एवढंच विचारलं की किती अंतरावरून बघत होतात, रोज किती मिनिटं. लिहून घेतल्याचा आवाज आला. पाहिलेलं उरत नाही, म्हणाल्या, हे तुमच्या आधी या कामावर असलेल्या माणसाच्या वेळीच कळलं होतं, पण त्याला तीन वर्षं लागली होती. तुम्ही महिन्यात केलंत! शाबासकी देत होत्या मला. पुढे म्हणाल्या, ज्याच्या अंगाला उजेड लागत नाही त्याला उजेड दिसतही नाही, आणि एकदा सुरू झालं की बघणं थांबवूनही ते थांबत नाही.

मग विचारलं, आणखी कुणाकडे पाहिलंत का.

१२ मार्च, संध्याकाळ
ही म्हणाली, बल्ब बदला, आठवडाभर सगळं मंद दिसतंय. म्हणाली, शेजारीण जिन्यात अंगावरून गेली, ओळखसुद्धा दिली नाही, एवढा कसला राग. तिच्या कपाळावरचं कुंकू काळपट दिसत होतं. मी डोळ्यांवर पट्टी बांधली. वर दुसरी. डोळे आलेत म्हणून सांगितलं. खोटं बोललो. घरातल्या घरात मीच केलं हे, प्रेमानं, रोज दोन तास.

२७ मार्च
पट्टी सोडलेली नाही. फूटपट्टी कागदावर धरून अंदाजानं लिहितो. सासूबाई आल्या. लेक समोर बसलेली असताना मला विचारलं, ती कुठे गेली. ही म्हणाली, अगं आई, इथंच तर आहे, पण तू कुठे आहेस?

सासूबाईंचं ते ओरडणं.

मावशींना हात धरून घरी आणलंय. त्यांच्या जावयांनी त्यांच्याच अंगावर दार लोटलं होतं. हिनं मावशींना आधी कधी पाहिलेलं नव्हतं. आज मला म्हणाली, स्वेटर किती छान पोपटी आहे हो यांचा. त्या दोघी एकमेकींना दिसतात. बाकी काहीच दिसत नाही त्यांना. आपला हात तेवढा दिसतो, पण भिंत नाही, जमीन नाही.

८ एप्रिल
मुलगी झाली. नर्सनं चाचपून बाळंतपण केलं, सारखी रडत होती. बाळ सगळ्यांना दिसतं. सासूबाई म्हणाल्या, नाक आईचं आणि रंग लख्ख.

आईला दिसत नाही. बोटांनी चेहरा चाचपते. डोळे कसे आहेत, विचारते. कुणावर गेलेत. पुन्हा पुन्हा. मी तरी काय सांगू. मीही पाहिलेली नाही.

९ एप्रिल
ती रात्रंदिवस एकच म्हणते. एकदा बघू द्या. फक्त एकदा. दूध पिताना हिचं तोंड बघू द्या.

१० एप्रिल
मॅडमना फोन केला. मुलीला बघता येईल असं काहीतरी करा, पाया पडतो म्हटलं. त्यांनी विचारलं, पट्टी किती दिवस. एकोणतीस, म्हटलं. मग म्हणाल्या, अहो, आम्ही चाळीस मिनिटं अंधारात बसवत होतो. तुम्ही एकोणतीस दिवस बसलात. आता तासन् तास बघायला नको. एक नजर पुरे.

मीच — मीच धार लावत बसलो होतो.

उपाय आहे, म्हणाल्या. उद्या सकाळी आम्ही गाडी पाठवतो. थेट भिंतीसमोर बसवतो, आठ-दहा दिवस, दिवे लावून. डोळे माणसासारखे झाले की खुशाल बघा मुलीला. फोन ठेवला आणि पोटभर रडलो. माझी पोर वाचली.

ही पलंगावरच होती. सगळं ऐकत होती.

११ एप्रिल, सकाळ
गाडी यायला अजून अर्धा तास. सासूबाई अंघोळीला गेल्यात. हिनं मुलगी माझ्या मांडीवर आणून ठेवली. किती हलकी. हातात माझं बोट धरलंय. मागे खेटून बसली ही. कितीतरी दिवसांनी जवळ बसली. म्हणते, तुम्ही एकदा पाहिलंत की मला दिसेल ती. मी आहे तिकडे भूक नाही लागत. थंडी नाही. मावशी आहेत सोबतीला. तुम्हाला ती नंतरही ऐकू येईल, मांडीवर घेता येईल. मी नऊ महिने वाढवली, माझं तेवढंही नको का —

नाही म्हटलं. दहा दिवस थांब म्हटलं. पाया —

केसांत हात फिरवतेय. म्हणते, रागावू नका.

वरची पट्टी सुटली. डाव्या हातात बाळ आहे, ढकलताही येत नाही. सासूबाईंना हाका मारतोय, नळाचा आवाज —

दुसरीही. डोळे मिटलेत मी, घट्ट मिटलेत. पोर जागी झाली, माझ्याकडे तोंड करून — हिची बोटं पापण्यांवर, गार, एकेक करून — अगं पोरीची आई आहेस तू — वर ओढ